शशिधर मास्तरांचे वाढते मणी

"आज कोणी हसणार नाही!" शशिधर मास्तरांनी आरशाला ठणकावलं, आणि आरसाच हसतोय का ते हळूच पाहिलं.

शाळेत पोरं त्यांना कायम हसायची; निवृत्त झाल्यावर ते प्रथमच चारचौघांत बोलणार होते. शास्त्रज्ञ म्हणे स्वतःसारखेच दुसरे घडवतील असे सूक्ष्म कण बनवू पाहताहेत! मासिकात हे वाचून मास्तरांची झोपच उडाली. त्यांनी रंगीत मण्यांत लोहचुंबकाचे तुकडे बसवून नमुना केला. पाण्याच्या परातीत सुटे मणी सोडायचे, त्यांत एक चिकटलेली जोडी टाकायची आणि परात हलवायची. सुटे मणी जोडीला येऊन चिकटतात आणि नवी जोडी बनून सुटतात. घरी कधी जमायचं, कधी मणी सुनेसारखे रुसायचे.

पेठेतलं वाचनालय भरलं होतं. नंतर चहा आणि भडंग होतं ना!

"स्वयं... प्रति... कृती..." मास्तर कागदात पाहून एकेक अक्षर वाचू लागले.

"मराठीत बोला की, मास्तर!" तालमीचे बाळासो गरजले.

शेजारच्या बयाबाई मदतीला धावल्या. "अवो, विरजण हाय ते! चमचाभर घातलं की पातेलंभर दही!"

"अगदी तसंच!" मास्तर ओरडले. अगदी तसं नव्हतं. पण भरल्या सभेनं त्यांच्याकडे पाहून माना डोलवाव्यात, हे आयुष्यात पहिल्यांदाच घडत होतं.

परात हलली. एका जोडीच्या दोन जोड्या झाल्या! टाळ्यांचा कडकडाट!

मास्तर चहा पिऊन वळले, तर परातीत नुसतं पाणी!

"माझे मणी?"

"नेलं की लोकांनी," बाळासो म्हणाले. "मूळ जोडी बयाबाईंनी नेली. इरजण न्यायला इचारायचं असतं व्हय? तुमच्याकडं काय, परत हुतीलच!"

घरी बायको रुद्राणीबाई म्हणाल्या, "जा, मागून आणा."

"दिलेलं विरजण परत मागू?" मास्तर पुटपुटले आणि पांघरुणात शिरले.

सकाळी दारात बयाबाई! हातात पातेलं, मागे बाळासो, त्यांच्यामागे अर्धी गल्ली.

"मास्तर, कोमट दुधात घालून रातभर चुलीशेजारी ठिवलं. दूध गुलाबी झालं, पण मणी हाय तेवढंच! फसवलासा काय आमाला?"

मास्तरांनी तोंड उघडलं. चुंबक, सुटे मणी, परात हलवणं, सगळं जिभेवर आलं. समोर डझनभर चेहरे उत्तराची वाट पाहत होते. त्यातला एकही हसत नव्हता.

"थंडी आहे ना," मास्तर म्हणाले. "उशिरा लागेल."