दात पडण्याची आगाऊ सूचना

अकरा वर्षं विमा कंपनीच्या कॉम्प्युटर विभागात काढल्यावर दादानं राजीनामा दिला आणि निरोपाच्या चहाला छातीठोकपणे सांगून टाकलं, "आता दुसऱ्याच्या हाताखाली काम नाही. छोटी छोटी सॉफ्टवेअर्स करणार, स्वतःची. एक माणूस, एक लॅपटॉप, बास."

सात महिन्यांत एक सॉफ्टवेअर तयार झालं आणि त्याला एक गिऱ्हाईकही मिळालं. पलीकडच्या गल्लीतल्या दाताच्या डॉक्टरीणबाई. ज्या पेशंटची उद्याची वेळ ठरलेली असेल, त्याला आदल्या दिवशी आठवणीचा मेसेज जायचा. एवढंच काम, पण बिनचूक व्हायचं.

घोळ वेगळाच होता. निरोपाच्या चहाला शोभून दिसलेला तो 'एक माणूस' डॉक्टरीणबाईंसमोर काही दादाच्या तोंडातून निघेना. "आमची टीम बघते," असं तो म्हणून बसला. मग ती टीम वाढतच गेली. टीमला विचारावं लागे, टीमची मीटिंग असे, टीममध्ये कुणाला तरी ताप येई. खरं तर टीम बेडरूमच्या खिडकीशी, इस्त्रीच्या टेबलावर लॅपटॉप ठेवून, बनियनवर बसलेली असे.

त्या मंगळवारी दुपारी दादानं 'तातडीचा मेसेज' अशी एक नवी सोय केली. ती तपासायला स्वतःच्याच फोनवर एक मेसेज पाठवायचा ठरवला. आपणच वाचणार, म्हणून जरा मजेत लिहिलं : 'उद्या सकाळी दहाला दवाखान्यात या. उशीर केल्यास दात आपोआप पडेल.'

बटण दाबलं. फोन गप्प. पुन्हा दाबलं. तरी गप्प. तिसऱ्यांदा जरा रागानं दाबलं.

स्वयंपाकघरातून बायको फोन घेऊन आली. तीही त्याच दवाखान्यात जायची.

"अरे, माझा दात पडणार आहे म्हणे. तीनदा कळवलंय."

दादानं घाईघाईनं लॅपटॉपवर यादी उघडली. मेसेज त्याला सोडून यादीतल्या सगळ्यांना गेला होता. चारशे सोळा माणसं, प्रत्येकी तीनदा.

"बाईंना फोन कर आधी," बायको म्हणाली.

पण फोन करायचा म्हणजे कबूल करायचं. त्यापेक्षा परस्पर निस्तरलेलं बरं, असं वाटून त्यानं सगळ्यांना चौथा मेसेज धाडला : 'आधीचे मेसेज चुकून गेले. उद्या येऊ नये.'

दुसऱ्या दिवशी सव्वादहाला डॉक्टरीणबाईंचा फोन आला. "जरा येऊन जाता का?" आवाज शांत होता, त्यामुळे दादाला जास्तच घाम फुटला.

दवाखान्यात बसायला आठ खुर्च्या, आणि माणसं जिन्यापर्यंत. एक निवृत्त हेडमास्तर कवळीची डबी घेऊन उभे होते. "माझे तर सगळेच दात खोटे आहेत. यातला नेमका कोणता पडणार, एवढं सांगा." त्यांच्यामागे एक बाई गालाला हात लावून रडवेल्या झाल्या होत्या. "शेवटी 'येऊ नये' असं आलंय. म्हणजे आता काही उपयोग नाही, असंच ना?"

आणि ज्या नऊ जणांची त्या दिवशी खरोखरच वेळ होती, ते निमूटपणे घरी बसले होते. त्यातल्या एकाची दाढ कोरून अर्धवट ठेवलेली होती.

दादानं प्रत्येकाची हात जोडून माफी मागितली. त्या नऊ जणांना एकेक करून फोन लावला. गर्दी ओसरायला साडेबारा वाजले. मग डॉक्टरीणबाईंनी त्याला आत बोलावलं. दुसरं स्टूल नव्हतं, म्हणून तो पेशंटच्याच खुर्चीत टेकला.

"तुमच्या टीममध्ये हे कुणी केलं?"

"आहे एक जण," दादा पायातल्या चपलेकडे बघत म्हणाला.

"त्याला समज द्या. पण कामावरून काढू नका हं. घरी बायकोबिको असेल बिचाऱ्याला."

दादाचे कान तापले. रागावल्या असत्या तर त्यानं आणखी दोन थापा मारल्या असत्या. या मायेपुढे मात्र त्याचा निभाव लागेना.

"बाई, टीमबिम काही नाही. मी एकटाच आहे. पहिल्यापासून."

डॉक्टरीणबाईंनी हातमोजे काढले.

"आणि गेल्या महिन्यात मी तक्रार केली, तेव्हा 'एक मिनिट, आमच्या सीनियरना देतो' म्हणून तुम्ही फोन दिलात, ते गृहस्थ?"

"मीच," दादा म्हणाला. "जरा घसा बसवून."

"अस्सं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "ते फार समजूतदार वाटले होते. सॉफ्टवेअर चालू राहू दे, पण यापुढे बटण त्यांनाच दाबू देत जा."