साडेसातला जाणारं नेट

माझी निरीक्षणशक्ती इतकी तल्लख आहे की तिचा त्रास मला कमी आणि इतरांना जास्त होतो. परवा आगाशीच्या बसमध्ये शेजारच्या गृहस्थांच्या बाहीवर पांढरी पूड दिसली. तेवढ्यावरून मी ओळखलं की ते गणिताचे शिक्षक आहेत, डावखुरे आहेत आणि नुकतेच कुणाशी तरी भांडून आले आहेत. मी त्यांना तसं सांगितलंही. ते बेकरीत कामाला होते. पण भांडण झालं. ते माझ्याशी झालं आणि मी बोलल्यानंतर झालं, एवढाच फरक. म्हणजे अनुमान चुकलं नव्हतं, थोडं लवकर झालं होतं.

मी सुमेध. पदार्थविज्ञानात एम.एस्सी. दिवसा वसई पूर्वेच्या एका कारखान्यात वजनकाटे तपासतो आणि संध्याकाळी गुन्हे. भुईगावात गुन्हे फार होत नाहीत, हा गावाचा दोष. मी आणि माझी धाकटी बहीण सुरुची जूनपासून इथे मायकल अंकल आणि व्हेरोनिका आंटींच्या घराच्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहतो. खाली ते दोघं, त्यांची मुलगी ॲंजेला आणि कॉलेजात जाणारा नातू कॅल्विन. मागे केळीची वाडी. भाड्यात पाणी आणि खालच्या वायफायचं नेट धरलेलं आहे. मोबाइलचं नेटवर्क आमच्याकडे फक्त स्वयंपाकघराच्या खिडकीत येतं, तेही माणूस ओट्यावर चढला तर.

आता प्रकरणाकडे येतो. सुरुची एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये रक्ताचे नमुने घेते. दिवसाला साठ-सत्तर दंड. तिच्या डॉक्टरांनी सप्टेंबरात सांगितलं, "एक नोव्हेंबरपासून लॅबच्या कॉम्प्युटरचं काम बघायला माणूस हवाय. तू प्रोग्रॅमिंगचा एखादा प्राथमिक कोर्स पास हो, जागा तुझी. नाहीतर मी बाहेरून माणूस बघतो." सुरुचीने त्याच संध्याकाळी आठ आठवड्यांच्या ऑनलाइन कोर्सला नाव घातलं.

पहिले तीन आठवडे आनंदात गेले. कोर्स फार मायाळू होता. तिने स्वतःचं नाव पडद्यावर छापून दाखवलं, तर पडद्यावर रंगीत कागदांचा पाऊस पडला आणि 'शाब्बास!' आलं. सत्तर दंडांत सुया टोचून तिला आजवर कुणी शाब्बास म्हटलं नव्हतं. व्हिडिओतले सर सतत हसायचे. ते "आता पुढचं तर अगदी सोपं आहे" म्हणाले की सुरुची पाणी पिऊन यायची, कारण पुढचं कधीच सोपं नसायचं. एका ओळीच्या आधी चार मोकळ्या जागा सोडायच्या होत्या, तिने तीन सोडल्या, आणि दीड तास लाल अक्षरं बघत बसली. नालासोपाऱ्याचा फेबियन नावाचा एक सहविद्यार्थी चर्चेच्या पानावर प्रत्येक धड्याखाली एकच प्रश्न विचारायचा, 'हे परीक्षेला आहे का?' त्याला कुणी उत्तर देत नसे, पण सगळे उत्तराची वाट बघत.

चौथ्या आठवड्यात लूप आला. लूप म्हणजे कॉम्प्युटरला एकच काम पुन्हापुन्हा करायला सांगणं. थांबायचं कधी तेही सांगावं लागतं. सुरुची ते सांगायला विसरली. एक ऑक्टोबरच्या संध्याकाळी साडेसातच्या सराववर्गात तिने प्रोग्रॅम चालवला. पडद्यावर 'नमस्कार सुरुची, नमस्कार सुरुची' असे नमस्कारावर नमस्कार पडू लागले, आणि त्याच क्षणी नेट गेलं.

चोवीस मिनिटांनी आलं. दुसऱ्या दिवशी साडेसातला पुन्हा गेलं. तिसऱ्या दिवशीही.

"दादा, माझ्यामुळे झालंय," सुरुची पांढरीफटक पडून म्हणाली. "तो लूप अजून फिरतोय कुठेतरी. खाली आंटींचं नेटही बंद पडतं त्या वेळेला. मी कोर्स सोडू का?"

"घाबरू नकोस," मी म्हणालो. "शास्त्रीय प्रयोग करू."

चौथ्या दिवशी मी तिला प्रोग्रॅम चालवू दिला नाही. लॅपटॉप मिटून कपाटात ठेवला. साडेसातला नेट गेलं.

"म्हणजे माझ्यामुळे नाही!" सुरुचीला हुरूप आला.

"उलट," मी म्हणालो. "तू काही केलं नाहीस तरी नेट गेलं. याचा अर्थ तुझा लूप आता तुझ्यावर अवलंबून राहिलेला नाही."

ती रात्री जेवली नाही. सत्याचा मार्ग कठीण असतो, विशेषतः माझ्यासोबत चालणाऱ्यांना.

मी कामाला लागलो. वीस दिवस घड्याळ लावून नोंदी घेतल्या. नेट जाण्याची वेळ रोज साडेसात, इकडेतिकडे अर्धा मिनिट. बंद राहण्याचा काळ मात्र बदलता: चोवीस मिनिटं, चोवीस, एकोणीस, एकतीस, पुन्हा चोवीस, एकदा तर फक्त चौदा. वहीत 'इतर निरीक्षणे' असा रकाना होता. त्यात मी प्रामाणिकपणे लिहिलं होतं: 'खालच्या मजल्यावरून गुणगुण. जूनपासून रोज येते. दुर्लक्ष करावे.' चांगला संशोधक अनावश्यक आवाज बाजूला काढतो.

पहिला संशय वाडीतल्या पंपावर. पंप सुरू झाला की विजेचा दाब पडतो, हे शेंबडं पोरही सांगेल. मी एका संध्याकाळी मीटर घेऊन पंपाजवळ केळीच्या आडोशाला बसलो. पावणेआठपर्यंत डासांनी माझं जेवण केलं. पंप बंदच होता. वर खिडकीतून सुरुची ओरडली, "गेलं रे!" मायकल अंकल सकाळी म्हणाले, "सुमेध, काल वाडीत तू होतास? मी म्हटलं कोण केळी चोरतोय. कुत्रा सोडणार होतो."

"अंकल, मी तपास करत होतो."

"बरं. पुढच्या वेळी सांगून कर. कुत्रा शिकलेला नाही."

दुसरा सिद्धान्त माझ्या आजवरच्या कामगिरीतला सर्वांत सुंदर होता. चोवीस, एकोणीस, एकतीस, चौदा हे आकडे मी आलेखावर मांडले आणि माझ्या अंगावर काटा आला. भरती-ओहोटी! समुद्र इथून हाकेच्या अंतरावर, केबल जमिनीखालून, जमिनीत खारं पाणी. मी सुरुचीला आलेख दाखवला.

तिने तो नीट पाहिला. "दादा, भरतीची वेळ रोज पुढे सरकते ना?"

"अर्थात. साधारण पन्नास मिनिटं."

"मग नेट रोज साडेसातलाच का जातं?"

मी आलेखाची घडी घातली. बहिणीला शिकवण्याचे तोटे असतात.

उरला कॅल्विन. रोज साडेसातला हा मुलगा अंगणातून नाहीसा व्हायचा आणि आठच्या सुमारास बाहेर यायचा तो पाय चोळत. नक्कीच काहीतरी प्रचंड डाउनलोड करत असणार. मी त्याला फाटकापाशी गाठलं.

"साडेसात ते आठ तू कुठे असतोस?"

"घरात. कुठे असणार?"

"एकटाच?"

"नाय रे दादा, सगळेच असतात. ममा, आजी, आजोबा. या महिन्यात समोरची प्रिस्का आंटी पण येते, पोरांना घेऊन."

"आणि तुझा मोबाइल?"

"त्याचं नाव नको काढू. आजी ऐकेल."

"मग पाय का चोळतोस?"

"गुडघे दुखतात."

मी वहीत लिहिलं: 'फुटबॉल. निर्दोष.' आणि त्याला जाऊ दिलं.

इकडे परीक्षा जवळ येत होती. रविवार, सव्वीस ऑक्टोबर, सात ते आठ. परीक्षेत मध्येच नेट गेलं तर पेपर आपोआप बंद आणि पुढची संधी जानेवारीत. जानेवारीपर्यंत डॉक्टर थांबणार नव्हते. सुरुचीने ओट्यावर चढून मोबाइलच्या नेटवर सराव करून पाहिला. एका प्रश्नाला अकरा मिनिटं लागली आणि डाळीत चार्जर पडला.

गुरुवारी मी गच्चीवर होतो. विमानांच्या मार्गाचा नेटशी संबंध आहे का, हे तपासायचं होतं. सुरुची मात्र खोलीत तिच्या कोर्सची वही उघडून बसली होती. सहाव्या आठवड्याचा धडा होता, प्रोग्रॅम अडला तर काय करायचं. सरांनी सांगितलं होतं की अंदाज बांधत बसू नका. पहिल्या पायरीपासून निघा, प्रत्येक पायरीला थांबून बघा, कुठपर्यंत सगळं ठीक आहे. जिथे बिघडतं तिथे चूक आहे.

साडेसातला पाच कमी असताना तिने आमच्या खोलीतल्या नेटच्या डब्याच्या वायरवर बोट ठेवलं. दिवा चालू. वायरमागे जिना उतरली. वळणावरचा सांधा ठीक. वायर खालच्या दिवाणखान्याच्या झडपेतून आत गेली, म्हणून तीही दारातून आत गेली. भिंतीवर मदर मेरीची मूर्ती, पुढे मेणबत्ती, बाजूच्या फळीवर वायफायचा डबा, दिवे चालू. चटईवर आठ-नऊ जण. व्हेरोनिका आंटी उठल्या, डोक्यावर पदर घेतला, डब्याचं बटण बंद केलं, कॅल्विनकडे एकदा बघितलं आणि गुडघ्यांवर बसल्या.

मी गच्चीवरून उतरलो तोवर सुरुची जिन्यात बसून हसत होती. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

"ऑक्टोबर म्हणजे त्यांचा जपमाळेचा महिना," ती म्हणाली. "प्रार्थना झाल्यावर ॲंजेलाताईंनी सांगितलं. पोरं प्रार्थनेत मोबाइल बघतात म्हणून आंटी एक तारखेपासून नेटच बंद करतात. दादा, माझा लूप निर्दोष आहे!"

"मग ते चोवीस, एकोणीस?"

"ज्या दिवशी जो प्रार्थना पुढे सांगतो त्याच्यावर आहे. अंकल चोवीस. ॲंजेलाताई एकोणीस. कॅल्विन चौदा. आंटी एकतीस, त्या घरातल्या सगळ्या गेलेल्या माणसांची नावं घेतात." मग ती जरा गंभीर झाली. "आणि ऐक ना. त्यात पाच रहस्यं असतात, प्रत्येकात दहा वेळा एकच प्रार्थना. लूपच्या आत लूप! तीन आठवडे माझ्या डोक्यात शिरत नव्हतं, आज दारात उभ्याउभ्या शिरलं."

म्हणजे आमच्या पायाखाली रोज पाच रहस्यं म्हटली जात होती आणि मी वर बसून सहावं शोधत होतो.

"चल, आंटींना सांगू की रविवारी बंद करू नका," मी म्हणालो.

सुरुचीचं हसू मावळलं. "त्यांच्या घरात, त्यांच्या प्रार्थनेबद्दल आपण सांगायचं? भाडेकरूंनी? मला नाही जमणार."

अशा नाजूक कामाला मुरब्बी माणूस लागतो. शुक्रवारी मी आलेख घेऊन एकटाच खाली गेलो. आंटी तगरीच्या कळ्यांचे पुडे बांधत होत्या. मी वीस दिवसांचा तपास सांगितला. त्यांनी चष्मा लावून आलेख हातात घेतला.

"हे एकतीसवालं माझं?"

"हो आंटी."

"आणि हे चोवीस त्यांचं. बरोबर आहे, मध्ये खोकतात ते." बोट पुढे सरकलं. "हे चौदा कोणाचं?"

मी शास्त्रज्ञ आहे. आकड्याचा स्रोत विचारला की मी सांगतो. "कॅल्विनचं."

"चौदा मिनिटांत?" आंटींनी चष्मा काढला. "पाचही? कॅल्विन! इकडे ये! त्या दिवशी मी ताप म्हणून आत झोपलेली, तर तू देवाला ट्रेन पकडायला लावलीस काय?"

पुढचा अर्धा तास त्या घरात रविवारच्या परीक्षेचा विषय निघणं शक्य नव्हतं. मी शेवटी दारातून कसंबसं बोलून घेतलं. आंटी एवढंच म्हणाल्या, "बघू." कॅल्विन माझ्याशी आजतागायत बोलत नाही.

"बघू म्हणजे हो की नाही?" सुरुचीने विचारलं.

"शक्यता निम्मी-निम्मी," मी म्हणालो. तिने मला खोलीबाहेर काढलं.

रविवारी सातला पेपर सुरू झाला. मी दाराबाहेर जिन्यात बसलो होतो. सव्वासातला खाली माणसं जमल्याचा आवाज आला. चपला, प्रिस्का आंटींची पोरं, मायकल अंकलांचा खोकला. साडेसात वाजले. मी दाराला कान लावला. आतून सुरुचीच्या बोटांची टकटक चालूच होती. सात पस्तीस. पावणेआठ. टकटक चालू. आणि खालून काहीच आवाज नाही. जून महिन्यापासून मी ज्या गुणगुणीकडे दुर्लक्ष करत होतो, ती आज पहिल्यांदा नव्हती आणि मला फार अस्वस्थ वाटलं.

मी वाकून खाली पाहिलं. दिवाणखान्यात सगळे मेणबत्तीसमोर हातात माळा घेऊन गप्प बसले होते. प्रिस्का आंटींचा धाकटा म्हणाला, "आजी, सुरू कर ना, भूक लागली." आंटींनी नुसतं वर छताकडे बोट दाखवलं.

आठ वाजले. आतून सुरुची किंचाळली, "पोचला! पेपर पोचला!" ती धावत बाहेर आली, मोबाइल हातात. "दोन मिनिटांत निकाल येणारे!"

"झाली परीक्षा?" खालून आंटींचा आवाज आला.

"झाली आंटी!" मी विजयी स्वरात ओरडलो.

"मग आता सुरू करतो," आंटी म्हणाल्या, आणि बटण बंद झालं.

सुरुचीने मोबाइलकडे पाहिलं. मग माझ्याकडे. तो दृष्टिक्षेप मी इथे लिहीत नाही.

"उभे काय राहिलात? या, बसा," आंटी म्हणाल्या. दोघंही जाऊन चटईच्या कडेला बसलो. त्या दिवशी पुढे सांगायला आंटी होत्या. सुरुचीचे ओठ हलत होते. ती प्रार्थना करत होती की आवर्तनं मोजत होती, हे मी विचारलं नाही. गेलेल्या माणसांची नावं झाली, तेव्हा आंटी क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, "आणि वरच्या सुरुचीच्या कामासाठी." नऊ जणांनी मिळून उत्तर दिलं. त्यात सर्वांत मोठा आवाज कॅल्विनचा होता. माझ्यावर राग असला तरी तिच्यावर नव्हता.

बटण चालू झालं. खोलीभर मोबाइल वाजले. सुरुचीने आपला उघडला, एकदा वाचला, पुन्हा वाचला. शंभरपैकी चौऱ्याहत्तर. पास व्हायला साठ लागत होते.

आंटींनी तिच्या चेहऱ्याकडे पाहून ॲंजेलाताईंना दोन ताटं जास्त वाढायला सांगितलं. सुरुची मात्र आमच्या स्वयंपाकघराकडे धावली. थोड्या वेळाने वरून, ओट्यावर चढून बोलणाऱ्या माणसाचा असतो तसा उंच आणि स्वच्छ आवाज आला:

"सर, सुरुची बोलतेय. बाहेरून माणूस बघू नका."