लोंबकर मिस्तरींचे तीन खटके

एका जंगलात त्या दिवशी वारा असा सुटला होता, की माकडं एका झाडाकडे उडी मारायची आणि दुसऱ्याच झाडावर पोचायची. ऊन चांगलं होतं, ढग नव्हता, नुसता वारा. पोरांनो, अशा दिवशी कोणी कोणाला हाक मारू नये. हाक निघते इकडे आणि जाते भलतीकडे.

पण हौसाक्का रानकोंबडीला हाक मारावीच लागली. बांबूच्या बेटात तिची ढोली, ढोलीत तिची अंडी, आणि त्यातलं एक तोंडात धरून सर्जेराव मुंगूस चालला होता.

“धावा, चोर आला,” ती ओरडली. वाऱ्यानं ती हाक उचलून नदीपलीकडे टाकली. तिथलं कासव लगेच धावत निघालं. ते अजून येतंय.

संध्याकाळी शेजारची साळिंदरीण, काशीबाई, आली. “अगं, हाक तरी मारायचीस.”

“मारली की.”

“मग ती माझ्याकडे नाही आली बाई. तू आता डबडं बसव. उरलेली अंडी तरी राहतील.”

हल्ली असं एक डबडं मिळतं बघा. आत सिमकार्ड असतं. चोर आला की ते कोतवालाच्या मोबाईलवर निरोप धाडतं. शिवाय त्याच्या पोटातून तीन तारा निघतात. कोणत्या तारेला काय जोडायचं ते आपण ठरवायचं. हौसाक्कानं ठरवलं. पहिलीला भोंगा, दुसरीला दिवा, तिसरीला काटेरी दार. चोर उंबऱ्यावर आला की भोंगा वाजावा, ढोलीत उजेड पडावा, आणि दार मिटावं.

प्रत्येक तारेला एक खटका. खटका वर केला, तर चोर आल्यावर ती वस्तू चालू होते. खाली केला, तर ती एरवी चालू राहते आणि चोर आल्यावर बंद पडते. एवढं सोपं.

हे काम करायला आले लोंबकर मिस्तरी. जातीचं वटवाघूळ. दिवेलागणीला आले, ढोलीच्या छताला पायांनी लटकले, आणि हौसाक्कानं सांगितलं तसे तिन्ही खटके वर केले.

म्हणजे त्यांच्या वर.

त्याच घटकेला भोंगा वाजायला लागला. दिवा लागला. दार मिटलं आणि हौसाक्का आत अडकली.

“मिस्तरी, चोर कुठाय?”

“नाहीये. म्हणून तर वाजतंय.”

“अहो, ते उलटं झालंय.”

मिस्तरींनी लटकल्या लटकल्या निरखून बघितलं. “आक्का, तीस पावसाळे हे काम करतोय. मला इथून सगळं सरळ दिसतंय. तुम्ही पाय खाली करून बघताय, त्याला मी काय करू?” आणि दाराच्या फटीतून उडून गेले.

पहिला आठवडा जंगल वैतागलं. कोतवाल गजाप्पा हत्ती कानात केळीची पानं कोंबून फिरायचा. दुसऱ्या आठवड्यात सगळे खुणांनी बोलायला लागले. पंचायतीत कोणालाच कोणाचं ऐकू येईना, तेव्हा पहिल्यांदाच सगळे ठराव एकमतानं झाले. लांडोरीच्या लग्नात वाजंत्री सांगावी लागली नाही. वानरिणी त्या भोंग्यावर पोरं झोपवायला लागल्या. पोरंही अशी झोपायची की फांदीवरून पडली तरी झोपलेलीच.

काशीबाई फटीतून दाणे टाकायची. हौसाक्का अंड्यांवर बसून राहायची. तिला बाहेर जायचं नव्हतंच. फक्त अंडी वाचायला हवी होती.

आणि एका दुपारी सगळं जंगल गाढ झोपलेलं असताना सर्जेराव आला. त्यानं उंबऱ्यावर पाय ठेवला.

भोंगा थांबला. दिवा विझला. दार आपोआप उघडलं.

सर्जेरावाला वाटलं, काय अगत्य आहे. शेपूट उंबऱ्यावरच ठेवून तो आत शिरला, अंधारात हौसाक्काच्या पोटाखालचं एक अंडं उचललं आणि वळला.

पोरांनो, इतक्या दिवसांनी जंगलात शांतता झाली होती. ती झोपलेल्यांच्या कानात गेली. वानरांची पोरं एकदम रडत उठली. डुकरं दचकली. गजाप्पाच्या मोबाईलवर चोराचा निरोप आला होता, पण तो वाचायला तो जागा कुठं होता? त्याला उठवलं शांततेनं. सगळं जंगल बांबूच्या बेटाकडे पळत सुटलं.

दारात सर्जेराव. तोंडात अंडं.

“कोणी बंद केलं?” गजाप्पा गरजला. “आत्ताच डोळा लागला होता.”

सर्जेरावानं अंडं हळूच खाली ठेवलं. “कोतवालसाहेब, मी हात नाही लावला. देवाशपथ. मी नुसता चोर आहे.”

“चोरीचं मागनं बघू. ते आधी वाजतं कर.”

“मला त्यातलं काही कळत नाही हो. मी अंडी चोरतो.”

“अंड्याचं कोण विचारतंय तुला? आमची पोरं जागी झाली.” एक वानरीण त्याच्या अंगावर धावून गेली. सर्जेराव घाबरून मागं सरला, उंबऱ्यावरून बाहेर पडला, आणि पळतच सुटला तो नदीपर्यंत.

उंबरा मोकळा झाला. भोंगा पुन्हा बोंबलायला लागला. दिवा लागला, दार मिटायला लागलं. तेवढ्यात हौसाक्कानं चोचीनं अंडं आत ओढून घेतलं. सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला आणि जो तो जिथं उभा होता तिथंच झोपला.

पुढं लोंबकर मिस्तरींचा सत्कार झाला. अंगावर शाल घातली की ती खाली पडायची, म्हणून शेवटी पायालाच बांधली. अंडी सगळी फुटली, पिल्लं निघाली. ती चिवचिव करत नाहीत. भोंग्यासारखी एका सुरात ओरडतात आणि शत्रू दिसला की गप्प बसतात. सगळी जिवंत आहेत.

तात्पर्य:

मला काही सुचलं नाही. म्हणून शेजारच्या यमाजीला गोष्ट सांगितली. त्यानं तंबाखू मळली आणि म्हणाला, “बोंबलतोय त्याची काळजी करू नको, आबा. तो गप्प झाला, की उठून बाहेर बघ.”