जगदाळेकाकांचं गोडाऊन

आमच्या सोसायटीतले जगदाळेकाका कंप्युटरवर काही टाकायचं असलं की एंटर दाबण्याआधी उभे राहतात. बसून माल उतरवला की गफलत होते म्हणे. मूळचे साताऱ्याचे, जन्म गेला शिरवण्याजवळच्या कारखान्यात स्टोअरकीपर म्हणून. रिटायर झाले, पण डोक्यातलं स्टोअर काही बंद झालं नाही. दारात कुरिअरवाला आला तरी आधी विचारतात, "मालाचं चलन कुठाय?"

अशा माणसाकडे एका शनिवारी मी लॅपटॉप घेऊन गेले, कारण सोसायटीचा कंप्युटर तेच बघतात आणि माझा इलाज संपला होता. मुलगी झाल्यापासून आठ वर्षं घरी होते. सोमवारी बेलापूरला एका कंपनीत पायथन या प्रोग्रामिंगच्या भाषेची परीक्षा, तीही आपल्याच लॅपटॉपवर. ही संधी गेली तर परत कोण बोलावणार? आणि माझ्याकडे तीन साइटवरून उतरवलेले तीन पायथन, एकही धड चालेना.

"दारावरचा माल घेतलास व्हय गं पोरी?" काका म्हणाले. "आधी गोडाऊन मोकळं करू."

तिन्ही काढले. मग कंप्युटरला हुकूम टाइप करायची काळी खिडकी उघडून त्यांनी पॅकेज मॅनेजरकडे एका ओळीत पायथन मागितला. "ह्यो आपला स्टोअरकीपर. आपण नाव सांगायचं, नंबर सांगायचा. कुठनं आणायचं, सील तपासायचं, ते त्यो बघतो."

अटी मान्य आहेत का, असा प्रश्न आला. मी 'वाय' दाबायला गेले तर हातावर चापट बसली. काकांनी सगळ्या अटी बोट फिरवत, मोठ्यांदा वाचल्या. माझा चहा गार झाला. मग ते उभे राहिले, एंटर दाबलं, पट्टी सरकायला लागली तसे म्हणाले, "मालाची गाडी लागली."

झालं म्हटल्यावर मी घाईघाईने चालवून बघितलं. पायथन नावाचं काही सापडत नाही, असं उत्तर. मला रडूच आलं.

"शटर ओढ आन् परत उघड," काका शांतपणे म्हणाले. "माल आलाय, दुकानाला अजून कळलं न्हाई."

खिडकी बंद करून उघडली आणि चालला की हो! हे उपकार मी जन्मात विसरणार नाही.

दोन आठवड्यांनी नोकरीचं पत्र आलं. रविवारी सकाळी पेढे घेऊन गेले तर दार उघडंच होतं. काका खुर्चीत, फोन स्पीकरवर, पलीकडे बंगळूरचा मुलगा.

"बाळा, पायथन पार गायब झाला बघ. आता काय टायपू?"

मी चाटच पडले. समोर स्क्रीनवर स्वच्छ दिसत होतं, दोन मिनिटांपूर्वी त्यांनी स्वतःच काढून टाकला होता. मी तोंड उघडणार तोच काकांनी ओठांवर बोट ठेवलं.

मुलगा एकेक अक्षर सांगत होता, काका शोधून शोधून टायपत होते. पट्टी सरकेपर्यंत जेवण, खोकला, नातीची शाळा, सगळं विचारून झालं.

"आता खिडकी बंद करून परत उघडा, बाबा."

"आला बघ. तू नसतास तर काय केलं असतं रे मी?"

मुलगा म्हणाला, "बाबा, पुढच्या रविवारी पायथन काढाल ना, तेव्हा अकरानंतर काढा. चिऊचा क्लास सुटलेला असतो. तीपण बोलेल."

काका हळूच खुर्चीतून उठून उभे राहिले.

"बरं," म्हणाले. "अकराला."