मोठ्याचा हात, बैल बाद

गुलाबराव लाइनमन कुठलीही वस्तू आधी उलट्या हाताने चाचपतात. चहाचा कप असो, देवळाची घंटा असो, नाहीतर माझ्या दुकानाचं शटर असो. बोटांची मागची बाजू हलकेच टेकवायची, काही झालं नाही की मगच हात सुलटा करायचा. जन्म विजेच्या खांबांवर काढलेला माणूस. करंट लागला की मूठ आवळते, त्यामुळे सुलटा हात तारेला चिकटतो आणि उलटा हात बाजूला फेकला जातो, असं शास्त्र ते सांगतात. मुलाच्या लग्नात नवी सून पाया पडायला वाकली, तेव्हा आशीर्वादाचा हातही आधी उलटाच निघाला. मी मांडवात होतो, म्हणून सांगतो.

मी नामदेव. घाटंजीत माझं भंगाराचं दुकान आहे. सायकलला पोतं बांधून सुरुवात केली, आज बाजाराच्या रस्त्यावर स्वतःचं गोदाम आहे. भाव करण्यात मला कोणी हरवलेलं नाही. डोकं जरा गरम आहे, हे कबूल. गुलाबरावांबद्दल चार चांगले शब्द लिहावेत असं त्यांनी माझं काही भलं केलेलं नाही; उलट, गावासमोर माझी लाज काढली. तरी लिहितो.

निवृत्त झाल्यावर लोक भजनाला बसतात, गुलाबरावांनी अंगणात टिनाची शेड टाकली. शाळा सुटली की तिथे पंधरावीस पोरं-पोरी जमतात. मेलेले प्रिंटर, मोडकी खेळणी, जुने मोबाइल खोलायचे आणि त्यातून नवीन खेळ बनवायचे. हात दाखवला की थांबणारी गाडी, अंधार पडला की डोळे मिचकावणारं घुबड, असले प्रकार. शेडच्या दारावर पोरांनीच रंगवलेले दोन नियम आहेत. पहिला, ‘आधी लाइन बंद, मंग हात.’ दुसरा, ‘मोठ्याचा हात, बैल बाद.’

बैल म्हणजे तान्ह्या पोळ्याचा बैल. आमच्याकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पोरं चाकाचे लाकडी बैल सजवून तोरणाखाली आणतात. गुलाबरावांची पोरं त्याला मोटर बसवतात. हा बैल ओढायचा नसतो, तो आपण होऊन चालतो. पण बनवताना मोठ्या माणसाचा हात लागला, की बैल स्पर्धेतून बाद.

पोरांच्या कोणत्याही प्रश्नाला गुलाबराव उत्तर देत नाहीत. पोरगं म्हणतं, ‘‘आबा, चाक फिरून नाही राह्यलं.’’ हे म्हणतात, ‘‘काहून?’’ पोरगं म्हणतं, ‘‘मले काय मालूम?’’ हे म्हणतात, ‘‘मलेही नाही मालूम. बाप्पा, आता कसं होईन?’’ आणि डोक्याला हात लावून बसतात. तो हातही आधी उलटा. शेवटी पोरगंच कंटाळून शोधून काढतं. एकदा एक पाहुणे सर आले आणि भविष्यातल्या कौशल्यांवर बराच वेळ बोलले. गुलाबराव म्हणाले, ‘‘सर, भविष्याचं भविष्यात पाहू. या पोरीचा पंखा उलटा फिरून राह्यला. तुम्ही सांगू नका फक्त, तिले शोधू द्या.’’ सरांना तसंही सांगता आलं नसतं.

माल घ्यायला ते माझ्याकडे पोरांनाच पाठवतात. एकदा माझीच नात, नऊ वर्षांची आरोही, दुकानात आली. गिऱ्हाइकासारखी. एक प्रिंटर उचलला, कानाशी धरून हलवला आणि म्हणाली, ‘‘आबाजी, यातली एक मोटर जाम आहे. भाव पाडा.’’ मी म्हटलं, ‘‘अवं, आपल्याच दुकानात घासाघीस?’’ तर म्हणते, ‘‘दुकान तुमचं आहे, मोटर तर जामच आहे नं.’’ भाव पाडावा लागला. राग आला आणि छातीही फुगली, दोन्ही एकदमच.

आता माझ्या अपमानाची गोष्ट. मागच्या वर्षी आरोहीने बोलण्यावर चालणारा बैल केला. त्याच्या पाठीवर एक जुना मोबाइल बांधला होता. एकच शब्द पुन्हा पुन्हा बोलून तो मोबाइलला शिकवायचा, मग तेवढ्या शब्दावर बैल वागतो. आरोहीने त्याला ‘चाल बे’ आणि ‘थाम बे’ शिकवलं होतं. तान्ह्या पोळ्याला यवतमाळहून मोठे पाहुणे येणार होते. त्यांच्यासमोर माझी नात ‘बे’ करून ओरडणार, हे मला काही पटेना. ती आंघोळीला गेली तेव्हा मी मोबाइल घेतला. कसं शिकवतात ते मी पाहून ठेवलं होतंच. तिचे शब्द पुसले आणि वीस-वीस वेळा बोलून चांगले, सभ्य शब्द भरले. ‘पुढे चला’ आणि ‘कृपया थांबा’. बैल एकदम सरकारी झाला.

मैदानात आरोही म्हणाली, ‘‘चाल बे!’’ बैल ढिम्म. पुन्हा ‘‘चाल बे!’’ काहीच नाही. एवढ्यात माइकवर संयोजक गर्दीला म्हणाले, ‘‘पुढे चला, पुढे चला.’’ आणि बैल सुटला! तोरण ओलांडून थेट बक्षिसांच्या टेबलाखाली घुसला. शिंगात टेबलाची चादर अडकली आणि बक्षिसाचे डबे खणाखण खाली आले. पोरगी मागे धावतेय, ‘‘थाम बे! थाम ना बे!’’ बैल पाहुण्यांच्या पायाशी पोचला, आणि माझा धीर सुटला. उभा राहून जीव खाऊन ओरडलो, ‘‘कृपया थांबा!’’

बैल जागच्या जागी थांबला.

साऱ्या मैदानाला एका क्षणात कळलं की शिकवणी कोणाची होती. गुलाबरावांनी माइक घेतला. आधी उलट्या हाताने चाचपला आणि म्हणाले, ‘‘मोठ्याचा हात लागला. बैल बाद.’’ तेव्हापासून मी रस्त्याने निघालो की पानठेल्यावरची पोरं हात जोडून म्हणतात, ‘‘शेठ, कृपया थांबा.’’ आरोहीने आपल्या सामानाच्या पेटीला कुलूप लावलं. वर्षभर मला काहीच दाखवलं नाही. बाकी सगळं बोलायची, पण बैलाचं नाव काढलं की उठून जायची.

म्हणून यंदा पोळ्याच्या आठवडाभर आधी मी गुलाबरावांच्या शेडवर गेलो. सौदा पक्का ठरवून गेलो होतो. म्हटलं, ‘‘माइकवर बोललात, माइकवरच माफी मागा. नाहीतर माझ्या गोदामातला एक स्क्रू तुम्हाला मिळणार नाही.’’

‘‘नका देऊ,’’ ते म्हणाले.

एवढ्यावर सौदा संपवणारा माणूस मी पाहिला नव्हता. मी आवाज चढवणार, तेवढ्यात त्यांचा मोबाइल वाजला. पडद्यावर त्यांचा पुण्यातला मुलगा. मोठ्या कंपनीत आहे. ‘‘बाबा, घरातली अर्धी लाइट गेली. डब्यातलं कोणतं बटण वर करायचं?’’ गुलाबरावांचा चेहरा असा उजळला की जणू त्यांच्याच घरची लाइट आली. ‘‘दाखव. डावीकडून तिसरं. अरे बाप्पा, तुह्या डावीकडून! आधी फ्रीजची पिन काढ.’’ दोन मिनिटांत पुण्यात उजेड पडला. ‘‘थँक यू बाबा, मीटिंग आहे,’’ आणि फोन बंद.

मी म्हटलं, ‘‘लाइनमनचा पोरगा, अन् त्याला बटण समजत नाही?’’

ते उठले आणि त्यांनी भिंतीवरच्या फळीवरचा पडदा सारला. मागे सात ढाली होत्या, सातही तान्ह्या पोळ्याच्या. प्रत्येकीवर मुलाचं नाव.

‘‘हे सारे बैल मी बनवले, नामदेवभाऊ. त्याले तार शिवू नाही दिली. खांबावर माणसं मरताना पाह्यली होती, भेव वाटे. तो म्हणे, बाबा मी करतो. मी म्हणो, तू बस, मी करतो. बक्षीस त्याचं, खेळ माहा.’’ पडदा पुन्हा ओढला. ‘‘एरवी फोन नाही करत. काम असते त्याले. मंग मी देवाले म्हणतो, पुण्यातली लाइन जाऊ दे बाप्पा, आठवड्यातून एकदा तरी जाऊ दे.’’

माफीचं नाव मग माझ्याच्याने काढवलं नाही. नातीला पाडून दिलेला भाव सोडला, तर मी हरलेला हा पहिलाच सौदा.

यंदाच्या तान्ह्या पोळ्याला मी त्यांच्या शेजारी सतरंजीवर बसलो. आरोहीचा बैल ‘‘चाल बे’’ म्हणताच निघाला. तोरणापासून चार पावलांवर गचकन थांबला. मान अर्धी वाकडी. लोक हसायला लागले. एकजण ओरडला, ‘‘शेठले बोलवा!’’ मी दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले. इतकी ताकद मी आयुष्यात पोतं उचलायलाही लावली नव्हती. आरोहीने आधी बॅटरी काढली, मग बैल उताणा केला आणि एकेक तार ओढून पाहू लागली. कपाळावरून घाम गळतोय, पण तिने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. कोणाहीकडे पाहिलं नाही.

नेमका तेव्हाच गुलाबरावांचा फोन वाजला. पुणे. त्यांनी पडद्याकडे पाहिलं, पोरीकडे पाहिलं आणि फोन कापला. पुन्हा वाजला, पुन्हा कापला. ‘‘शोधू दे,’’ ते स्वतःशीच म्हणाले, ‘‘त्यालेही शोधू दे.’’

आरोहीला तुटलेली तार सापडली. तुटकं टोक काढून दाताने तार सोलली, पीळ दिला, बॅटरी लावली. ‘‘चाल बे!’’ बैल तोरणाखालून गेला. पलीकडे पोचल्यावर ती म्हणाली, ‘‘थाम बे!’’ आणि तो असा थांबला की मैदान उठून उभं राहिलं. मी शिट्टी मारली. या वयात. मग आरोही धावत आली आणि तारेचा तो तुटका तुकडा माझ्या हातावर ठेवला. ‘‘आबाजी, पाहा, हा इथंच तुटला होता.’’ वर्षभरानंतर तिने मला काहीतरी दाखवलं होतं.

टाळ्या ओसरल्या तेव्हा गुलाबरावांनी मोबाइल माझ्यापुढे धरला. ‘‘वाचा जरा, चष्मा नाही आणला.’’ चष्मा नाकावर होता. मी वाचलं, ‘‘बाबा, आली लाइट. मीच शोधलं.’’

‘‘पुन्हा वाचा.’’

पुन्हा वाचलं. तिसऱ्यांदाही वाचलं.

‘‘आता लाइन गेली तर?’’ मी विचारलं.

‘‘आता नाही येणार फोन,’’ गुलाबराव म्हणाले, आणि तोरणाकडे येणाऱ्या पुढच्या बैलासाठी टाळ्या वाजवू लागले.