पाळकसाहेबांचं निरुपद्रवी प्रवचन

निवडणूक तोंडावर आली होती, आणि या रविवारी प्रवचनात राजकारणाचा वाससुद्धा येऊ द्यायचा नाही, असं पाळकसाहेबांनी ठरवलं होतं. गावात वाद एकच. युद्धातून पळून आलेली परदेशी कुटुंबं शाळेच्या मैदानात तंबू ठोकून होती. त्यांना बंद पडलेल्या बुटांच्या कारखान्यात राहू द्यायचं की नाही? चर्चमध्ये डाव्या बाकांवर ‘द्या’वाले, उजव्या बाकांवर ‘नको’वाले. मधल्या बाकावर एकट्या पाळकीणबाई.

“शेजाऱ्यावर प्रेम करा, एवढंच सांगतो,” साहेब न्याहारीला म्हणाले. “यात कुणाला काय खटकणार?”

“बघा बुवा,” पाळकीणबाई म्हणाल्या.

पहिल्याच वाक्याला डावीकडून मुख्याध्यापिकाबाईंनी खणखणीत “आमेन!” ठोकलं. उजवीकडे वकीलकाकांच्या कपाळाला आठी पडली. साहेब गडबडले. “अर्थात, शेजारी म्हणजे शेजारी राहतो तो,” त्यांनी सावरून घेतलं. उजवीकडून चक्क टाळ्या! घाबरून त्यांनी बायबलातली भल्या शोमरोन्याची, वाटेत लुटल्या गेलेल्या माणसाला वाचवणाऱ्याची, गोष्ट काढली. जखमी माणसाला उचलणारा परका निघाला, तशी डावी बाजू उठून उभीच राहिली.

“पण त्याने जखमीला उतारशाळेत ठेवलं ते स्वतःच्या खर्चाने!” वकीलकाका गरजले. “सरकारच्या नाही!”

साहेबांनी घाम पुसत प्रार्थना उरकली.

दुपारी मुख्याध्यापिकाबाई आणि वकीलकाका दोघंही साहेबांच्या घरी हजर. “एका शब्दात सांगा,” मुख्याध्यापिकाबाई म्हणाल्या. “येशू कुणाला मत देईल?”

“मतदारयादीत नाव नाहीये त्याचं,” चहा ठेवत पाळकीणबाई म्हणाल्या.

तेवढ्यात दार वाजलं. बाहेर तंबूतली एक तरुण बाई होती. तिच्या खांद्याचा आधार घेऊन एक म्हातारी एका पायावर उभी. दुसरा घोटा टम्म सुजलेला. “डॉक्टर?” इथल्या लोकांना कळेल असा तेवढाच शब्द तरुणीला येत होता.

“आजी, अहो बसा आधी!” वकीलकाकांनी आपली खुर्ची पुढे सरकवली. “रविवारी इथला दवाखाना बंद. मी गाडी काढतो.”

“तुमच्या त्या खटाऱ्यात हाडं खिळखिळी होतील त्यांची. माझ्या गाडीतून नेऊ.”

“तुम्ही गाडी चालवता की वर्ग घेता? वाटेत दहा जणांना दम भराल!”

भांडतभांडतच दोघं म्हातारीला दोन्ही बाजूंनी धरून घेऊन गेले; तरुणी त्यांच्या मागोमाग.

संध्याकाळी मुख्याध्यापिकाबाईंचा फोन आला. आवाज पडलेला. “प्लास्टर घातलंय. तंबूत झोपवू नका म्हणाले डॉक्टर. मी घरी नेलं असतं हो, पण आमच्याकडे रंगकाम चाललंय...”

“मग आहेत कुठे त्या?”

“वकिलांकडे! दोघीही! मला विचारलंसुद्धा नाही मेल्याने!”

साहेबांनी लगेच वकीलकाकांना फोन लावला. “काका, तुम्ही अगदी...”

“उगाच काही अर्थ काढू नका हां, पाळकसाहेब! मी मत ‘नको’वाल्यांनाच देणार. तत्त्व म्हणजे तत्त्व.” मग आवाज एकदम खाली आला. “ते राहू द्या. जेवायला वाढलंय, पण आजी घासच घेत नाहीयेत. तिखट झालं असेल का? जरा पाळकीणबाईंना फोन द्या.”