अर्ध्या कोसाच्या तारेची हकीकत

श्रीगजवदन प्रसन्न. शके अठराशें बत्तीस, साधारण नाम संवत्सर, वैशाख मास. ज्या राज्याचें नांव लिहिण्याची आज्ञा नाहीं, त्या राज्यीं डोंगराखालून भुयार खणणें चाललें होतें. आंत झरे फार, म्हणोन विजेचें यंत्र पाणी उपसून काढी, आणि त्यास पाव कोसावरून तांब्याची तार गेली होती. मग भुयार पुढें सरकलें आणि यंत्र अर्ध्या कोसावर न्यावें ऐसें ठरलें, परंतु कोठींत तांबें उरलें नव्हतें. तेव्हां दिवाणजींनीं हैबती तारकसास बोलावून पुसिलें, "हीच तार ओढून दुप्पट लांब होईल?" पोलादी पट्टीच्या भोकांतून तार ओढण्यांत हैबतीचा हात धरणारा कोणी नव्हता, आणि बारीक तार हीच त्याची अब्रू. बोलिला, "सरकार, म्हणाल तर केसाएवढी करून देतों."

तों वीजमिस्त्री पेस्तनजी आडवे आले. "दिवाणजी, तार लांबली की विजेला वाट लांब, बारीक झाली की वाट अरुंद. दुप्पट लांबवाल तर तारेचं पोट निम्मं होईल आणि अडथळा चौपट. यंत्र दम टाकील." दिवाणजी हसोन बोलिले, "तांबें तेंच, वजन तेंच, मग वीज कशास रुसेल?" आणि हैबतीनें वरून टोला हाणिला, "मिस्त्री, तुम्हांला सुईंत दोरा ओवतां येत नाहीं, आणि तारेचं आम्हांस सांगतां?" सदर हसली.

मग आठ दिवसांत तार सिद्ध जाहली. हैबतीचा धाकटा भाऊ मानाजी भुयारांत खणीत असे. उतरतां उतरतां पुसता जाहला, "दादा, पाणी उपसेल ना?" हैबती बोलिला, "माझ्या हातची तार आहे. उतर." आणि मानाजी उतरला. मग तिसरे प्रहरीं आंत नवा झरा फुटला, आणि यंत्र नुसतें घुमत राहिलें, चाक जेमतेम फिरे, आणि पाणी गुडघ्यास, मग छातीस आलें, आणि नऊ माणसें गेलीं. त्यांत मानाजी.

मग चौकशी बसली आणि तार तराजूंत घातली. तोळाभरही उणी नाहीं, म्हणोन तार निर्दोष ठरली, मिस्त्री हद्दपार जाहले आणि हैबतीस शेला देऊं केला. हैबतीनें हात पुढें केला नाहीं. मान खालीं घालोन बोलिला, "सरकार, वजन नका पाहूं, जाडी पाहा. मिस्त्री खरं बोलत होते. भावाला मीच खालीं धाडला." दिवाणजी बोलिले, "दुःखानें भ्रमला आहे," आणि तार आणखी ओढोन पाऊण कोस करावी ऐसा हुकूम जाहला. हैबती बोलिला, "माझ्या हातून होणें नाहीं." नगरांत दुसरा तारकस होता, आणि त्याचें भुयारांत कोणी उतरत नव्हतें.

ऐसी ही हकीकत. ऐकिलें तैसें लिहिलें. लिहिणाराची समज थोडी, चूक असेल तर जाणत्यांनीं सुधारावी. नऊ माणसें मात्र बरोबर आहेत.